दिवा लावणारा आधी दिसतो



हिवाळ्यात गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी द्यायचे आणि वीज येणार रात्री, हा अनुभव आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या मुलांना नवा नाही. तुमच्यापैकी अनेकजण वडिलांबरोबर किंवा काकांबरोबर अशा वेळी शेतात गेले असतील. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात बॅटरी. बॅटरीच्या उजेडात पुढचे दोन-चार वाफे दिसतात, फार तर बांधावरची बाभूळ दिसते. त्यापलीकडे सगळा काळोख. पण जरा मान वर करून पाहा. पार दुसऱ्या गावच्या शिवारात एक ठिपका लुकलुकत असतो. आपण सहज म्हणतो, "तिकडंही कुणीतरी पाणी देतंय."

तो माणूस आपल्याला दिसत नाही. त्याचे शेत दिसत नाही. दिसते ती फक्त त्याची बॅटरी. आणि गंमत अशी की त्याच बॅटरीने त्याला मात्र आपण मुळीच दिसत नाही! आपण अंधारात उभे राहून त्याला दोन किलोमीटरांवरून पाहतो, आणि त्याची नजर पन्नास पावलांच्या पलीकडे जात नाही.

माझ्या लहानपणी रानडुकरे पिकात शिरल्याचा संशय आला, की वडील आधी बॅटरी विझवीत आणि कान देऊन उभे राहत. असे का, हे तेव्हा मला कळत नसे. पुढे पदार्थविज्ञान शिकलो आणि शिकवू लागलो, तेव्हा त्यामागचा नियम कळला. हा नियम तुमच्या पाठ्यपुस्तकात दोन ओळींत येतो. पण दुसऱ्या महायुद्धात याच दोन ओळींमुळे अनेक वैमानिक जिवाला मुकले. आज आपण एका रात्रीची अशीच एक घटना घेऊन तो नियम समजून घेऊ.

अंधारात विमान कसे शोधायचे?

१९४२-४३ साली इंग्लंडची शेकडो बाँबफेकी विमाने रात्रीच्या अंधारात जर्मनीवर चालून जात. त्यांना अडवण्यासाठी जर्मनीने रात्री लढणारी खास विमाने ठेवली होती. त्यांपैकी एक प्रमुख विमान म्हणजे दोन एंजिनांचे मेसरश्मिट ११०. त्यात वैमानिक, रेडिओचालक आणि तोफची असे तिघे बसत.

जमिनीवरची मोठी रडार यंत्रे या विमानाला शत्रूच्या आसपास नेऊन सोडत. पण काळ्याकुट्ट आकाशात 'आसपास' पोचून भागत नाही. डोळ्यांना समोरचे विमान काहीशे मीटरांवर आल्याखेरीज दिसत नसे. मधले अंतर तोडण्यासाठी विमानाच्या नाकावरच एक छोटे रडार बसवण्यात आले. त्याचे नाव लिश्टेनस्टाइन. विमानाच्या नाकापुढे लावलेल्या धातूच्या काड्यांचा जुडगा, हे त्याचे आकाशक, म्हणजे अँटेना.

रडारचे कार्य तुम्हांला ठाऊक आहे. ते रेडिओ तरंगांचा एक अगदी अल्पकाळ टिकणारा स्पंद पुढे सोडते. वाटेत विमान असेल तर त्यावर आपटून काही भाग परत येतो. जाऊन येण्यास लागलेल्या वेळावरून अंतर कळते. लिश्टेनस्टाइनची वारंवारता सुमारे ४९० मेगाहर्ट्झ होती. प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. म्हणजे ३०,००,००,००० भागिले ४९,००,००,०००, बरोबर सुमारे ०.६१ मीटर, अर्थात ६१ सेंटिमीटर. त्याचा पल्ला होता सुमारे ४ किलोमीटर.

थोडक्यात, लिश्टेनस्टाइन म्हणजे अंधाऱ्या शेतात हातात धरलेली बॅटरीच होय. फरक एवढाच, की तिचा 'उजेड' डोळ्यांना दिसत नव्हता. पण डोळ्यांना दिसत नाही म्हणजे कोणालाच दिसत नाही, असे थोडेच आहे?

चाळीस लाखांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. दिव्यापासून निघालेली ऊर्जा पुढे जाता जाता पसरते. एक मीटर अंतरावर ती जेवढ्या क्षेत्रावर पडते, त्याच्या चौपट क्षेत्रावर ती दोन मीटर अंतरावर पडते, आणि नऊपट क्षेत्रावर तीन मीटरांवर. म्हणून दर चौरस मीटरला मिळणारी ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते. अंतर १० पट झाले, तर तीव्रता १०० पट कमी. हाच व्यस्त वर्गाचा नियम.

दिव्याकडे नुसते पाहणाऱ्याच्या बाबतीत हा नियम एकदाच लागू होतो. पण दिवा घेऊन दुसऱ्याला शोधणाऱ्याच्या बाबतीत तो दोनदा लागू होतो! तरंग जाताना पसरतात. समोरच्या वस्तूवर आपटून परत येताना पुन्हा पसरतात. म्हणून परत आलेला प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होतो. अंतर १० पट झाले, तर प्रतिध्वनी १०,००० पट कमी.

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. शिकारी विमान ४ किलोमीटर मागे आहे. पुढचे बाँबफेकी विमान जणू ५० चौरस मीटर क्षेत्रावर पडलेले तरंग अडवते आणि सर्व दिशांना सारखे परत उधळते, असे सोयीसाठी मानू. परतणारे तरंग शिकाऱ्यापर्यंत येतात तेव्हा ते ४,००० मीटर त्रिज्येच्या गोलावर पसरलेले असतात. त्या गोलाचे क्षेत्रफळ ४ × ३.१४ × ४,००० × ४,०००, म्हणजे सुमारे २० कोटी चौरस मीटर. ५० चौरस मीटरांत अडवलेली ऊर्जा २० कोटी चौरस मीटरांवर पसरली. म्हणजे शिकाऱ्याच्या हाती आलेला प्रतिध्वनी, पुढच्या विमानावर पडलेल्या मूळ तरंगांच्या मानाने ४० लाख पटींनी दुबळा!

म्हणजे शिकारी ज्या क्षणी सावजाची चाहूल जेमतेम टिपतो, त्या क्षणी सावजाच्या अंगावर त्याच्या ४० लाख पट तीव्रतेचे तरंग आदळत असतात. सावजाजवळ कान नसतात, म्हणून त्याला कळत नाही, एवढेच.

आणि कान असले तर? ४० लाखांचे वर्गमूळ २,०००. तेव्हा तेवढ्याच तीक्ष्ण कानांच्या श्रोत्याला शिकाऱ्याच्या झोतात राहून ४ किलोमीटरांच्या २,००० पट, म्हणजे ८,००० किलोमीटर दूर जाता येईल, आणि तरीही हा आवाज ऐकू येईल. अर्थात हा कागदावरचा हिशेब झाला. पृथ्वी गोल आहे. सहा किलोमीटर उंचीवरील दोन विमाने एकमेकांपासून साधारण ५५० किलोमीटरांपलीकडे गेली की क्षितिजाआड होतात. शिवाय झोत श्रोत्याकडे वळलेला हवा, आणि विमानात मावणारे यंत्र लहानच असणार. पण यातले सगळे वजा केले तरी श्रोत्याकडे भरपूर शिल्लक उरते.

ऐकणारे यंत्र

हा हिशेब इंग्लंडच्या शास्त्रज्ञांनाही येत होता. पण ऐकायचे तर कोणत्या वारंवारतेवर, हे आधी कळायला हवे. ते कळवून घेण्याची किंमत मोठी होती. ३ डिसेंबर १९४२ च्या पहाटे वेलिंग्टन जातीचे एक इंग्रज विमान फ्रँकफुर्टच्या परिसरात मुद्दाम आमिष म्हणून फिरत राहिले. त्यातील विशेष रेडिओचालक हॅरल्ड जॉर्डन याला ४९० मेगाहर्ट्झच्या आसपास एक संकेत सापडला. संकेत वाढत गेला. याचा अर्थ शत्रू मागून जवळ येत आहे, हे जॉर्डनला पुरते ठाऊक होते. तरीही विमान पळाले नाही, कारण नोंद पुरी व्हायची होती. मग गोळ्यांचा मारा सुरू झाला. हात, जबडा आणि डोळा जखमी होऊनही जॉर्डन नोंदी सांगत राहिला आणि जखमी बिनतारी संदेशकाने त्या इंग्लंडला कळवल्या. चाळण झालेले ते विमान इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. सुदैवाने सगळे वाचले. तुमच्या वहीत '४९० मेगाहर्ट्झ' हा आकडा लिहिताना एवढे ध्यानात ठेवा, की तो कोणीतरी रक्त सांडून आणलेला आहे.

पुढे ९ मे १९४३ रोजी एक युंकर्स ८८ जातीचे जर्मन रात्रविमान स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळच्या डाइस विमानतळावर येऊन उतरले. त्याचे चालक शत्रूला येऊन मिळाले होते. आता लिश्टेनस्टाइन यंत्र आकाशकासकट हाती आले. त्याचा झोत किती रुंद, कोणत्या बाजूला किती तीव्र, हे सारे मोजता आले. ते विमान आजही इंग्लंडच्या हवाई दलाच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

या माहितीवर जे यंत्र पक्के झाले त्याचे नाव सेरेट. हे स्वतः काहीच प्रक्षेपित करीत नसे. लिश्टेनस्टाइनचे स्पंद तेवढे ऐकायचे, हेच त्याचे काम. डाव्या-उजव्या आणि वर-खालच्या आकाशकांत कोठे संकेत जास्त, हे पाहून दिशा कळे. पडद्यावर माशाच्या काट्यासारखी दातेरी आकृती उमटे. त्यावरूनच हे नाव पडले. परिस्थिती अनुकूल असली तर सेरेटला सुमारे ८० किलोमीटरांवरचे लिश्टेनस्टाइन ऐकू येई. शिकाऱ्याची नजर ४ किलोमीटर, आणि त्याची चाहूल ८० किलोमीटर!

पण सेरेटमध्ये एक उणीव होती. ती कोणती, हे पुढे वाचण्यापूर्वी स्वतः ओळखून पाहा.

रडारला अंतर कळते, कारण स्पंद केव्हा निघाला आणि केव्हा परतला हे दोन्ही त्याला ठाऊक असते. श्रोत्याला स्पंद केव्हा पोचला एवढेच कळते. तो केव्हा निघाला हे त्याला कोण सांगणार? म्हणून सेरेटला दिशा कळे, अंतर कळत नसे. दूरच्या शिवारातला दिवा दिसतो, पण तो एक किलोमीटरवर आहे की तीन, हे अंधारात सांगता येत नाही, तसेच हे. तेव्हा शेवटच्या टप्प्यात इंग्रज विमानालाही आपले स्वतःचे, दीड मीटर तरंगलांबीचे, रडार वापरावे लागे. म्हणजे आधी कान, आणि अगदी जवळ गेल्यावर दिवा.

१७ ऑगस्ट १९४३ ची रात्र

त्या रात्री इंग्लंडची ५९६ बाँबफेकी विमाने बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील पेनेम्युंडे येथे निघाली होती. तेथे जर्मनीचे अग्निबाण तयार होत होते. या विमानांच्या वाटेवरची जर्मन रात्रविमाने हेरण्यासाठी १४१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची काही बोफायटर विमाने गस्तीवर होती. प्रत्येकात सेरेट बसवलेले होते. त्यांपैकी एकाचा वैमानिक होता बॉब ब्रॅहम. वय वर्षे २३. मागे त्याचा रडारचालक पडद्यावर नजर लावून बसलेला.

हॉलंडमधील लेवार्डेन तळावरून काही मेसरश्मिट ११० विमाने वर चढली. समुद्रावर दिसलेली विमाने ही बाँबफेकी असावीत, अशी त्यांची समजूत झाली होती. त्यांतील दोन विमानांचे वैमानिक होते गेऑर्ग क्राफ्ट आणि हाइन्त्स विंके. दोघेही कसलेले शिकारी. अनेक विमाने पाडल्याचा लौकिक त्यांच्या मागे होता. अंधारात सावज शोधण्याची त्यांना सवय होती. आपल्यालाच कोणी शोधत असेल, अशी शंका येण्याचे कारण नव्हते. आपला दिवा कोणाला दिसतो आहे, हे दिवा धरणाऱ्याला कळत नाही. कारण ऐकणारा काहीच खूण मागे ठेवीत नाही.

बोफायटरने हॉलंडच्या उत्तर किनाऱ्यासमोरील फ्रिजियन बेटांच्या परिसरात त्यांना गाठले. काही मिनिटांच्या अवधीत ब्रॅहमने आधी क्राफ्टचे आणि मग विंकेचे विमान पाडले. क्राफ्ट मारला गेला. त्याचा रेडिओचालक हवाई छत्रीने उतरला आणि वाचला. विंकेच्या विमानातील दोघे सहकारी समुद्रात गेले. विंके एकटा सुमारे १८ तास पाण्यावर तरंगत राहिला, तेव्हा कोठे त्याला बाहेर काढण्यात आले. पुढे २६ फेब्रुवारी १९४४ रोजी तोही दुसऱ्या एका चकमकीत मारला गेला. त्याच १७ ऑगस्टच्या रात्री पेनेम्युंडेवर गेलेली इंग्लंडची ४० विमाने परतली नाहीत. दोन्हीकडचे बहुतेक मृत तुमच्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठे होते.

विमानाची गती, वैमानिकाचे कौशल्य, नशीब, या सगळ्यांचा अशा लढतीत वाटा असतो. तो मी नाकारीत नाही. पण लिश्टेनस्टाइन आणि सेरेट समोरासमोर आली, तेव्हा चौथ्या घाताने पाहणारा आणि दुसऱ्या घाताने ऐकणारा यांच्यात सामना होता. अंधारात तो सामना बरोबरीचा नव्हता.

नियम कोणाचाच नसतो

यावरून इंग्रज अधिक हुशार होते, असा निष्कर्ष काढाल तर चुकाल. इंग्रजांनी १९४३ सालीच आपल्या बाँबफेकी विमानांच्या शेपटीवर मोनिका नावाचे छोटे रडार बसवले होते. मागून कोणी आले की त्याने इशारा द्यावा, हा हेतू. हेतू चांगला होता. पण मोनिका हीसुद्धा बॅटरीच. आणि ती पेटवून शेकडो विमाने रात्रभर उडत होती! जर्मन तंत्रज्ञांनी फ्लेन्सबुर्ग नावाचे श्रवणयंत्र तयार केले. आता जर्मन विमाने मोनिकाचा आवाज ऐकत ऐकत थेट बाँबफेकी विमानांच्या मागे येऊ लागली. रक्षणासाठी लावलेला दिवाच वाटाड्या झाला.

हे इंग्रजांच्या ध्यानात आले, तेही एका जर्मन विमानाच्या चुकीमुळे. १३ जुलै १९४४ च्या पहाटे एक युंकर्स ८८ जातीचे रात्रविमान इंग्लंडमधील वुडब्रिज येथे उतरले. समुद्रावर गस्त घालून परतताना होकायंत्र वाचण्यात घोटाळा झाला, आणि घराकडे जाण्याऐवजी ते नेमके उलट दिशेला आले. आपण शत्रूच्या धावपट्टीवर उतरलो आहोत, हे चालकांच्या उशिरा लक्षात आले. एक गोळी न झाडता विमान हातचे गेले. त्यात फ्लेन्सबुर्ग सापडले. त्यातच लिश्टेनस्टाइनची नवी आवृत्तीही सापडली. तिची वारंवारता सुमारे ९० मेगाहर्ट्झ होती. ४९० मेगाहर्ट्झसाठी बनवलेले जुने सेरेट तिच्यापुढे बहिरे होते. पकडलेल्या फ्लेन्सबुर्गची चाचणी घेतल्यावर इंग्रजांनी आपल्या बाँबफेकी विमानांवरून मोनिका यंत्रे काढून टाकली. कित्येक विमाने वाचवण्याचा उपाय म्हणजे एक यंत्र बसवणे नसून एक यंत्र बंद करणे हा होता, हे समजायला वर्ष गेले.

दुप्पट पाहावे, तर चौपट दिसावे

"मग दिव्याची शक्ती वाढवली तर?" असा प्रश्न वर्गात हमखास येतो. प्रश्न चांगला आहे. उत्तर पाहू.

रडारचा पल्ला दुप्पट करायचा आहे. प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणून शक्ती २ × २ × २ × २, म्हणजे १६ पट वाढवावी लागेल. ठीक आहे, वाढवली. आता ऐकणाऱ्याकडे पाहा. त्याच्यासाठी तीव्रता अंतराच्या वर्गानेच घटते. शक्ती १६ पट झाली, तर त्याचा पल्ला १६ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे चौपट होईल.

आपली नजर दुप्पट लांब गेली, आणि आपण चौपट लांबून दिसू लागलो! आणखी जोर लावून पल्ला तिप्पट केला, तर शक्ती ८१ पट लागेल आणि आपण नऊपट अंतरावरून दिसू. दिवा जितका मोठा, तितका हा तोटा अधिक. शक्ती वाढवून या पेचातून सुटता येत नाही. सुटण्याचे मार्ग वेगळे आहेत: दिवा क्षणभरच लावणे, झोत अरुंद ठेवणे, वारंवारता बदलत राहणे, आणि शक्य तेथे दिवा न लावता नुसते ऐकणे.

मैदानावरचा प्रयोग

हे सारे खरे मानू नका. स्वतः करून पाहा. अमावास्येच्या आसपास, रस्ता आणि विहीर यांपासून दूर असलेले शाळेचे मोकळे मैदान निवडा. शिक्षकांनी बरोबर राहावे. डोळे अंधाराला सरावण्यासाठी आधी २० मिनिटे दिवा न लावता थांबा.

एका विद्यार्थ्याने साधी बॅटरी घेऊन एका जागी उभे राहावे. दुसऱ्याने गडद कपडे घालून, हातात एक पांढरा कागद धरून त्याच्यासमोरून हळूहळू मागे जावे. बॅटरीवाल्याला कागद दिसेनासा झाला की त्याने 'थांब' म्हणावे. पावले मोजा. आता कागद अर्धा दुमडा, पुन्हा अर्धा दुमडा, आणि हीच कृती करा. आता क्षेत्रफळ चौथा हिस्सा राहिले आहे. कागद लहान आणि दूर असला म्हणजे डोळ्यांत शिरणारा एकूण प्रकाशच महत्त्वाचा ठरतो, आणि तो चौथ्या घाताने घटतो. मग क्षेत्रफळ चौथा हिस्सा झाल्यावर अंतर किती कमी व्हायला हवे? तेवढेच झाले का? नसेल तर का नाही, याची चर्चा करा.

आता कागदवाल्या विद्यार्थ्याने खुशाल मैदानाच्या टोकापर्यंत जावे. बॅटरी दिसायची थांबली का? बॅटरी थोडी बाजूला वळवली तर काय झाले? शेवटी कागदवाल्याने डोळ्यांनी फक्त बॅटरीकडे पाहून तिचे अंतर सांगावे, आणि मग ते पावलांनी मोजावे. सेरेटची उणीव त्याला आपोआप पटेल.

आपल्या जिल्ह्यातले कान

युद्ध १९४५ साली संपले. रडारवर काम केलेले कितीतरी शास्त्रज्ञ तीच कला घेऊन खगोलशास्त्राकडे वळले. १९४२ साली इंग्लंडच्या रडारांत घुसलेल्या एका खरखरीचा शोध घेताना जे. एस. हे यांना आढळले होते, की ती शत्रूची लबाडी नसून सूर्याकडून येणारे रेडिओ तरंग आहेत. रेडिओ खगोलशास्त्राला त्यातून मोठी चालना मिळाली. नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी याच वंशातल्या. त्या आकाशात काहीही सोडत नाहीत, नुसत्या ऐकतात. म्हणूनच कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकांची चाहूल त्यांना लागते. तेथवर स्पंद पाठवून प्रतिध्वनीची वाट पाहत बसलो असतो, तर चौथ्या घाताने आपल्याला केव्हाच हरवले असते.

आणि आता ही श्रवणाची परंपरा आपल्या जिल्ह्यात येत आहे. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय तरंगांची वेधशाळा, लायगो-इंडिया, उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असणार. लिश्टेनस्टाइनचा पल्लाही ४ किलोमीटर होता, हा नुसता योगायोग. पण अशाच भुजांच्या अमेरिकेतील यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या दोन कृष्णविवरांची टक्कर 'ऐकली'. हे यंत्र तरंगाची ऊर्जा न मोजता त्याचा आयाम मोजते, आणि आयाम अंतराच्या पहिल्याच घाताने घटतो. म्हणून यंत्राची संवेदनक्षमता दुप्पट झाली की पल्लाही सरळ दुप्पट होतो, आणि कानाच्या टप्प्यात येणारे विश्वाचे आकारमान आठपट होते!

चौथा घात, दुसरा घात, पहिला घात. पहिल्यात दिवा घेऊन शोधणारे, दुसऱ्यात दूरचा दिवा पाहणारे, तिसऱ्यात विश्वाचा हुंकार ऐकणारे. नियम मात्र सगळ्यांसाठी तोच: जे पसरते ते विरळ होते. समुद्रात पडलेल्या क्राफ्टला तो शिकवायला कोणी नव्हते. तुम्हांला तो वाफ्यात उभे राहून शिकता येतो. पुढच्या वेळी रात्री पाणी द्यायला जाल, तेव्हा घटकाभर बॅटरी विझवून उभे राहा, आणि शिवारात किती दिवे दिसतात ते मोजा.

स्वतः सोडवा

१. ४ किलोमीटर दूरच्या विमानाकडून स्पंदाचा प्रतिध्वनी परत येण्यास किती वेळ लागेल?

२. जर्मनीच्या नव्या रडारची वारंवारता ९० मेगाहर्ट्झ होती. त्याची तरंगलांबी काढा. आकाशकाच्या काड्यांची लांबी तरंगलांबीच्या साधारण निम्मी असते. जुन्या आणि नव्या रडारच्या काड्यांची तुलना करा. वैमानिकाला कोणती गैरसोय झाली असेल?

३. वटवाघूळ श्राव्यातीत ध्वनी सोडून पतंग शोधते. काही जातींच्या पतंगांना हा ध्वनी ऐकू येतो. वटवाघळाला पतंगाचा पत्ता लागण्यापूर्वी पतंगाला वटवाघळाचा पत्ता का लागतो, ते या लेखातील नियमाने स्पष्ट करा.

४. रडारची शक्ती १०,००० पट केली, तर त्याचा पल्ला किती पट होईल? ऐकणाऱ्याचा किती पट?

उत्तरे: (१) सुमारे २७ मायक्रोसेकंद. (२) सुमारे ३.३ मीटर, काड्या सुमारे ३० सेंटिमीटरांऐवजी दीड मीटरहून लांब. (४) १० पट, १०० पट. तिसऱ्याचे उत्तर वर्गात चर्चा करून लिहा.